पाहुण्याला सोफिया देत नाहीत

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. ऊन सोसवलं का, आणि भाषा कळली का. दिवाळी नुकतीच सरली होती, त्यामुळे ऊन सोसवलं. भाषा कळली, आणि इतकी आवडली की परत आल्यावर चार दिवस मी घरात ‘का’च्या जागी ‘काहून’ म्हणत होते आणि आईनं मला दोनदा टोकलं. मी कशासाठी गेले होते हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर मी सांगायला तोंड उघडताच समोरच्याला घरचं काम आठवतं. म्हणून लिहून काढते आहे. वाचणारा पळालाच, तर निदान मला दिसणार नाही.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचं काम करते. आमच्या सरांच्या हाताखाली अमरावतीच्या एका कॉलेजातले प्राध्यापक, सुखदेव वानखडे, पीएच.डी. करतात. उन्हाळ्याच्या सुटीत ते पुण्याला येतात आणि उरलेलं वर्ष शिकवता शिकवता तिकडेच प्रयोग करतात. त्यांचा विषय समजायला चपलांचा जोड डोळ्यांपुढे आणा. काही पदार्थ तसे असतात, एक डावा आणि एक उजवा. घटक तेच, बांधणी तीच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. झाडंझुडपं हे पदार्थ बनवतात तेव्हा बहुतेक एकाच पायाच्या चपला बनवतात. आम्ही चंबूत बनवायला गेलो की डाव्या-उजव्या निम्म्या निम्म्या निघतात, आणि औषधाला तर पुष्कळदा एकच उपयोगी पडते. वानखड्यांचा खटाटोप असा, की अॅल्युमिनियमच्या एका संयुगाच्या अंगाला झाडातून काढलेला एकाच हाताचा, म्हणजे नुसता डावा किंवा नुसता उजवा, अल्कोहोल बांधायचा. मग तो धातू समोरच्या रेणूला दोन्ही बाजूंनी सारखा भिडत नाही, एका बाजूनं जास्त भिडतो. त्यातून जो नवा पदार्थ होतो त्यात डावा जास्त निघायला हवा.

निघाला की नाही, हे पोलरीमीटर सांगतो. लांब नळीत पदार्थ भरायचा, पिवळ्या दिव्याचा प्रकाश त्यातून पाठवायचा आणि डोळा लावून बघायचं. गोल खिडकीचे दोन अर्धे दिसतात, एक उजळ, एक काळपट. दोन्ही सारखे दिसेपर्यंत चकती फिरवायची. जितकी फिरवावी लागली तितका प्रकाश फिरला. डावे-उजवे निम्मे निम्मे असतील तर तो फिरतच नाही.

वानखड्यांचा प्रकाश डावीकडे फिरत होता, पण अगदी जरासा. सरांचं म्हणणं पडलं, “डोळा आशेवर चालतो. पाच वर्षं एकाच गोष्टीची वाट बघणाऱ्याला सावलीसुद्धा फिरलेली दिसते.” सर मनानं वाईट नाहीत, पण त्यांचा विश्वास मिळवणं म्हणजे खडकावर हरभरा पेरण्यासारखं आहे. ते मला म्हणाले, “तू जा. अल्कोहोल ज्यातून निघतो ते गवताचं तेल आणण्यापासून सगळं समोर बसून करून घे. फिरला तर त्याला प्रबंध लिहू दे. नाही फिरला तर दुसरा विषय देऊ.” दुसरा विषय म्हणजे पाच वर्षांवर पाणी. हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि वानखड्यांना तर होतंच.

अमरावती

माझ्याबरोबर सरांनी त्या अॅल्युमिनियमच्या संयुगाची बाटली दिली होती. परदेशातून, परवान्याच्या पायऱ्या झिजवून आणलेली, आणि तिच्यात दोनदा प्रयोग होईल एवढाच ऐवज. पाण्याचा थेंब लागला की ही पूड पेट घेते. मी ती डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई दर स्टेशनला सुरई भरून आणायची आणि माझ्याच पायाशी ठेवायची. मी तीन वेळा सुरई सरकवली. शेवटी ती म्हणाली, “बाई, तुमच्यात शिवाशिव पाळतात का?” काय सांगणार? पिशवीत आग आहे म्हटलं असतं तर गाडी थांबवली असती. मी पिशवी आणखी घट्ट धरली आणि भुसावळपर्यंत तिची बोलणी खाल्ली.

बडनेरा स्टेशनवर वानखडे आले होते. पुण्यात हा माणूस पुस्तकासारखं बोलतो. बडनेऱ्याच्या फलाटावर पाय ठेवताच म्हणाला, “या ताई. मी कवाचा उभा हाय. बाटली तं सांभाळून आनली ना?” तेव्हाच मला कळलं की पुण्यात ते सगळा वेळ कडक इस्त्रीचा सदरा घालून वावरत असणार.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. आठ वर्षांपूर्वी, छप्पन्न साली, घरातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाची. त्यांच्या पत्नी शांताबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवतात आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघतात. त्यांनी रोडगे केले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून वर तुपाची धार सोडायची आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. आमच्याकडे पोळी पातळ असण्यावर सुनेची परीक्षा असते. इथे रोडगा फोडायला दोन्ही हात लागतात आणि कुणी कुणाची परीक्षा घेत नाही. भाजी खाताना माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं तर शांताबाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी तं आज तिखट टाकलंच नाई.”

हात धुताना त्यांनी मला गाठलंच. “ताई, एक विचारू? यायनं नसलेलं पाहिलं असं वाटते काय तुमच्या सरायले?”

“खोटं सांगितलं असं कुणी म्हणत नाही,” मी म्हणाले.

“ते समजलं मले. खोटं सांगणं येगळं आन् नसलेलं दिसणं येगळं. पण आमच्यासाठी दोनीचा हिशेब एकच होते. लोक म्हणतीन, दिलं होतं, पेललं नाई.” त्यांनी मला हात पुसायला पंचा दिला. “मी विज्ञान शिकली नाई. पण मी त्यायले ओळखतो. या घरात भाजी बिघडली तं तो माणूस बिघडली म्हणते. गोड बोलून खात नाई.”

मी हात पुसून पंचा परत दिला. हो किंवा नाही म्हणायची मला मुभा नव्हती. मी तिथे तपासायला गेले होते.

सेमाडोह

ज्या अल्कोहोलाला हात आहे तो मेळघाटातल्या रोशा गवतात मिळतो. परतवाड्याहून बस घाट चढायला लागली की हे गवत दोन्ही बाजूंना दिसतं. पुरुषभर उंच, शेंड्याला तांबूस. चिखलदऱ्याला आम्ही मुक्काम केला. तिथे तिथल्याच मळ्यातली कॉफी प्यायले. पुण्यात आम्ही कॉफीत जायफळ घालतो. चिखलदऱ्याच्या खानसाम्यानं जायफळाचं नाव ऐकून मला विचारलं, “तब्येत बरी नाही का?”

दुसऱ्या दिवशी सेमाडोहच्या अलीकडे, सिपना नदीच्या काठी करीमचाचांच्या भट्टीवर गेलो. चाचा अचलपूरचे. हंगामात इथे खोपी घालून राहतात. कोरकू बायामाणसं गवत कापून भारे आणतात, ते मोठ्या डेगेत कोंबतात, खाली सागाची लाकडं धगधगतात, आणि वाफ नळीतून नदीच्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरते. वर तेल तरंगतं. सगळ्या काठावर वास भरलेला असतो, इतका की मला भाकरीलाही तोच लागला.

या गवताच्या दोन जाती आहेत. दिसायला जवळपास एकच, पण उघड्या उन्हाच्या उतारावर होतो तो मोतिया, आणि सावलीतल्या ओलसर जागी होतो तो सोफिया. मोतियाचं तेल अत्तरवाले नेतात. सोफिया हलका, उग्र, साबणवाल्यांच्या कामाचा. गंमत अशी की आम्हाला नेमका सोफियाच हवा होता. मोतियात जो अल्कोहोल आहे त्याला डावं-उजवं काही नाही, तो पायताणासारखा नसून पायपुसण्यासारखा आहे, कुठूनही पाय द्या. हात आहे तो सोफियातल्या अल्कोहोलाला.

वानखड्यांनी सांगितलं, “चाचा, ह्या पुण्याच्या ताई. मोठ्या डॉक्टर हायेत. सोफिया न्याले आल्या.”

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “पुण्याहून? सोफियासाठी?”

“हो,” मी म्हणाले.

“इतक्या लांबून बाई येते आन् सोफिया मागते.” ते वानखड्यांकडे वळले. “प्रोफेसर, तुमी नेता ते ठीक हाय. कॉलेजात पोट्टे शिकतात, सांडतात, फोडतात. पण यायले काहून सोफिया?”

वानखड्यांनी पुन्हा सांगितलं की कामाचा तोच आहे. चाचा “बरं बाप्पा” म्हणाले, आम्हाला सागाच्या सावलीत बसवलं, भाकर आणि ठेचा दिला आणि स्वतः खोपीत जाऊन डबा भरून, तोंडाला लाख लावून घेऊन आले. निघताना म्हणाले, “पुढच्या हप्त्यात मी अकोल्याले येतो, पेढीवर माल द्याले. काई कमीजास्त वाटलं तं तिथं सांगा.”

परतीच्या बसमध्ये डब्याच्या तोंडाशी लागलेला एक थेंब मी बोटावर घेतला. लग्नात गुलाबदाणीतून शिंपडतात तसा वास. मी वानखड्यांना म्हटलं, “याला हे लोक हलका म्हणतात? कमाल आहे.”

वानखडे सर्दीनं बेजार होते, शिवाय वर्षानुवर्षं ईथर हुंगून त्यांच्या नाकानं केव्हाच राजीनामा दिला आहे. ते म्हणाले, “मले तं काईच वास येऊन नाई राहिला. पण तुमा पुण्याच्या लोकायले आमचं गवतही गुलाब वाटते, हे चांगलं हाय.”

पुन्हा अमरावती

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे लांबट खोली, एक कुरकुरणारा पंप आणि खिडकीत चिमण्या. वानखडे तिथे काम करताना मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. भांडी भट्टीत तापवून कोरडी करणं, ईथरमधलं पाणी घालवणं, बाटली उघडताना श्वास रोखणं, सगळं वाखाणण्याजोगं. तेलातून अल्कोहोल वेगळा काढताना ते एकदाच थबकले. “आज जरा लवकर उतरून राहिलं,” म्हणाले. मग पंपाकडे बघितलं. तेल पंपाच्या कमी दाबाखाली उकळवतात आणि तो दाब रोज वेगळा असतो, त्यामुळे दोघांनीही पंपालाच बोल लावला.

मग निम्मी बाटली गेली. धातूला अल्कोहोल बांधला गेला, त्यावर दुसरा पदार्थ थेंबथेंब सोडला, पुढचं धुणं-गाळणं झालं, आणि शेवटी स्वच्छ तेलकट द्रव हाती आला. वानखड्यांनी नळी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच हसले. “झालं ताई. आता अकोल्याले जाऊ.”

अकोला

अमरावतीच्या कॉलेजातला पोलरीमीटर मोडून पडलेला, म्हणून वाचन अकोल्याच्या कॉलेजात. अकोल्यात त्या दिवसांत जिकडे बघावं तिकडे कापसाच्या गाड्या, आणि हवेत तंतू. आमच्या काळ्या पडद्यांच्या खोलीतही एक तंतू दिव्यापुढे तरंगत होता.

मी पुण्याहून येतानाच ठरवून आले होते की आकड्यांची पट्टी पुठ्ठ्यानं झाकायची. वानखड्यांनी फक्त डोळा लावून चकती जुळवायची, आकडा मी मागून वाचायचा. त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. चष्मा काढून ठेवला आणि बसले.

त्यांचा हात सवयीनं डावीकडे गेला. थांबला. पुन्हा जरा गेला, पुन्हा थांबला. मग हळूहळू मागे आला. त्यांनी डोळा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. परत तेच. मी बाजूला उभी होते. पाच वर्षांचं काम, दारात उभ्या राहून निरोप देणाऱ्या शांताबाई, सरांचं ‘दुसरा विषय देऊ’, सगळं त्या चकतीवर येऊन ठेपलं होतं. तिला जरा डावीकडे सोडून दिलं असतं तर मला काय कळणार होतं? मी नंतर डोळा लावला असता, पण इतक्या बारीक फरकात माझा डोळा आणि त्यांचा डोळा कोण तोलणार?

“ताई,” ते डोळा न काढता म्हणाले, “शून्य हाय.”

मी पुठ्ठा बाजूला केला. शून्य होतं. मी बसून बघितलं. शून्यच.

वानखडे स्टुलावर तसेच बसून राहिले. “मंग इतके वर्ष मी काय पाहून राहिलो होतो?” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं. मला त्या माणसाला धीर द्यायचा होता, पण मला धीर देता येत नाही, कामच करता येतं. मी कँटीनमधून साखर आणवली, पाण्यात विरघळवून नळीत भरली. प्रकाश ठणठणीत उजवीकडे फिरला. यंत्र ठीक होतं.

“आता तुमचा अल्कोहोल भरा,” मी म्हणाले. “ज्यापासून सुरुवात केली तो.”

तो तर उजवीकडे चांगलाच फिरायला हवा होता. भरला. शून्य.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्या चपलेला डावं-उजवं नाही तिचा माग काढत आम्ही आठवडा घालवला होता. मग मला बसमधला गुलाब आठवला, आणि वानखड्यांना लवकर उतरलेलं तेल. ते उठले, चष्मा घातला आणि म्हणाले, “चला. चाचा आले असतीन.”

करीमचाचा जुन्या अकोल्यातल्या पेढीवर डब्यांच्या राशीत बसले होते. आम्हाला बघून तोंडभर हसले. “काय बाई, कसं वाटलं तेल?”

“चाचा,” वानखडे म्हणाले, “डब्यात काय होतं?”

“मोतिया. पहिल्या उताराचा. यंदाचा सगळ्यात उमदा.”

“मी सोफिया मागतला होता.”

“हो, मागतला.” चाचांना यात काही चुकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. “तुमी मागतला, पण मी द्यावा काय? पुण्याहून बाई माझ्या भट्टीवर येते, माझी भाकर खाते, आन् मी तिच्या हाती सोफिया देऊ? उद्या अचलपुरात लोक म्हणतीन, करीमनं मेहमानाले साबणाचं तेल देलं. सोफिया पाहुण्याले देत नाईत, प्रोफेसर. तुमी घरचे, तुमाले देतो.”

पुण्यात पाहुण्याला चहा घेणार का, असं विचारतात आणि तो नको म्हणाला तर मनापासून ऐकतात. इथे पाहुण्यानं मागितलेलंसुद्धा ऐकत नाहीत. मला रागही येईना आणि हसूही आवरेना. वानखडे मात्र पेढीच्या पायरीवर मटकन बसले आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसण्याचं नव्हतं. चाचा घाबरून पाणी आणायला धावले.

नंतर चाचांनी, मोठ्या नाखुशीनं, सोफियाचा डबा काढून दिला. मी बूच उघडून हुंगलं आणि नाक मागे घेतलं. “पाहा,” चाचा म्हणाले, “म्हणूनच म्हणत होतो.”

अमरावतीला परत जाऊन उरलेली निम्मी बाटली आम्ही लावली. अल्कोहोल या वेळी नेहमीच्याच ठिकाणी उतरला. पुन्हा अकोल्याला आलो तेव्हा मी दोन नळ्या भरल्या, एक मोतियाच्या पदार्थाची आणि एक सोफियाच्या, आणि वानखड्यांना खोलीबाहेर उभं करून त्यांचा क्रम माझ्या मनानं लावला. पट्टी झाकलेली. पहिल्या नळीला त्यांचा हात डावीकडे गेला आणि तिथेच राहिला. दुसरीला गेला आणि परत आला. “हे फिरलं,” ते म्हणाले. “हे शून्य.” बरोबर होतं. मी क्रम बदलून पुन्हा दिलं, पुन्हा बरोबर. सोफियाचा अल्कोहोल स्वतः उजवीकडे फिरवतो आणि त्यांचा पदार्थ डावीकडे, त्यामुळे नळीत राहिलेल्या अल्कोहोलाचा हा खेळ आहे असंही कुणाला म्हणता येणार नव्हतं.

निघायच्या दिवशी शांताबाईंनी डब्यात रोडगे बांधून दिले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मीच म्हणाले, “तुम्ही सांगितलं होतं ते मी अकोल्यात बघितलं. बिघडलं तेव्हा ते बिघडलं म्हणाले.”

“मंग?” त्या म्हणाल्या. “मी काय सांगून राहिली होती?”

पुणे

सर वाटच बघत होते. मी बसायच्या आत विचारलं, “फिरला का?”

“आधी नाही फिरला,” मी म्हणाले, आणि चाचांच्या डब्यापासून सगळं सांगितलं. सर मधे बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत जवळजवळ अशक्य आहे. शेवटी म्हणाले, “पहिल्या दिवशी, डब्यात मोतिया आहे हे माहीत नसताना, पट्टी झाकलेली असताना, शून्य कुणी सांगितलं? तू की त्यानं?”

“त्यांनी. मी पुठ्ठा काढायच्या आधी.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग बाकीचे आकडे बघायची गरज नाही,” ते म्हणाले. “त्याला प्रबंध लिहायला सांग.”

आणि मग चष्मा परत लावून त्यांनी बाकीचे आकडे दोनदा बघितले. काय करणार, पुण्याचे आहेत.